हरिदासचा फोल्डर

सकाळी सातला दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरला कुलूप लावायचं, दोन बस बदलून गुडगावच्या नव्या काचेच्या इमारतीत पोचायचं आणि नऊला बॅकअपची यादी तपासायची. २००१च्या फेब्रुवारीत वैजयंती नाफडेचा दिवस असा सुरू होई.

बॅकअप साडेआठला आपोआप चाले. नेमून दिलेल्या फोल्डरांतल्या प्रत्येक फाइलची तारीख यंत्र बघे. कालच्या बॅकअपनंतरची असेल तर फाइल टेपवर घ्यायची, जुनी असेल तर सोडून द्यायची.

हरिदास मुळमुळे जानेवारीत पानिपतहून येताना अपघातात गेला. कंपनीत मराठी माणसं दोनच, तो आणि ती. महाराष्ट्रातल्या विक्रेत्यांना पत्रं तेच पाठवत, त्यामुळे मराठी टायपिंगचा प्रोग्राम त्या दोघांच्याच संगणकांवर होता. हरिदासचा संगणक आठवड्यात पुसून स्टोअरमध्ये गेला; त्याचा फोल्डर मात्र ऑफिसच्या सामाईक डिस्कवर तसाच राहिला.

तेराव्यानंतर त्याच्या बायकोचा, सुनीतीचा फोन आला.

"वैजयंतीताई, हे मला म्हणाले होते, ‘तुझ्यासाठी काहीतरी लिहून ऑफिसात ठेवलंय.’ बघाल जरा?"

वैजयंतीने शेवटच्या आठवड्याच्या याद्या चाळल्या. "नाहीये हो वहिनी काही." तिला पक्की खात्री होती.

दुसऱ्या दिवसापासून यादीत एक ओळ येऊ लागली. हरिदासचा फोल्डर बदललाय. खाली फाइल मात्र एकही नाही. रोज तेच. खोलीत कुणी येऊन जावं आणि वस्तू जागच्या जागी असाव्यात, तसं.

"मॅडम, सुबह सुबह डराओ मत यार," तिने सांगितल्यावर तिचे वरिष्ठ गौरव साहेब हसले. "शनिवार को नई डिस्क लगेगी, सब टेप से आएगा. जो टेप पे नहीं, समझो था ही नहीं."

गुरुवारी तिने फोल्डर उघडला. 'सुनीती' नावाची फाइल समोरच होती, तारीख ऑक्टोबरची. त्याने ती फ्लॉपीवर ठेवली असणार आणि जाण्याआधी फोल्डरात आणली असणार. नक्कल करताना जुनी तारीख तशीच राहिली, म्हणून यंत्राने ती कधी उचललीच नाही.

रोजच्या त्या ओळीचाही उलगडा झाला. मराठी प्रोग्राम फाइल उघडताना शेजारी एक तात्पुरती फाइल करी आणि बंद करताना पुसून टाकी. तेवढ्यानेही फोल्डरची तारीख बदले. म्हणजे पत्र रोज कुणीतरी उघडत होतं. आणि ते उघडता येईल असा संगणक आता एकच उरला होता, तिचा.

'प्रिय सुनीती'च्या पुढे तिने वाचलं नाही. आकार पाहिला, दोन हजार एकशे चौदा बाइट. शेवटी एक मोकळी जागा टाकून फाइल जतन केली. पंधरा झाले. आता तारीख ताजी होती. टेप ती घेणारच.

शुक्रवारी यादीत फाइल होती. तिचा जीव भांड्यात पडला. मग नजर आकड्यांवर गेली. दोन हजार एकशे चौदा. तिने टाकलेली मोकळी जागा गेली होती. शेवटचा बदल, आज सकाळी सात दहा.

सात दहाला ती बसस्टॉपवर होती. चौकीदार ऑफिसच्या मजल्याचं कुलूप आठला काढी.

तिने सुनीतीला फोन लावला.

"वहिनी, सापडलं. पत्र आहे तुमच्या नावाचं. उद्या डिस्क बदलली तरी जाणार नाही आता."

मग सुनीतीने विचारलं, "कधी लिहिलंय हो त्यांनी?"

"ऑक्टोबरात," वैजयंती म्हणाली आणि यादी टेबलावर पालथी ठेवली.