चिमीची भाकरी

निघायच्या सकाळी गाडीच्या टपावर बॅगा बांधून झाल्या, तरी माझी चार वर्षांची यशू मागचं दार लावू देईना. चिमी अजून चढायची होती. चिमी फक्त यशूलाच दिसायची. शेवटी माझ्या वडिलांनी, आबांनी, रिकाम्या सीटवर हात फिरवून पाहिला आणि म्हणाले, "चढली गं बाय. जरा सरकून बस, दाटी हुतीया तिला." मग दार लागलं आणि माझं गाव वडिवळं मागे पडलं.

त्याआधी दीड वर्ष यशू आई-आबांकडे होती. मी आणि नवरा पुढे डब्लिनला आलो होतो. मला तिथे नर्सची नोकरी लागली होती. मुलं मागे ठेवून इकडे आलेल्यांना तो हिशेब समजावून सांगायला नको. चिमी त्याच दीड वर्षात आमच्या घरात आली. भाताच्या आवणीच्या दिवसांत आई बांधावर जेवणं वाढायची, तेव्हा चिमीसाठी एक भाकरी वेगळी काढावी लागायची. शेवटी ती आबांच्याच पोटात जायची. एकदा त्यांनी ती जरा लवकर मोडली, तर यशूने दिवसभर अबोला धरला. आई फोनवर हे सांगायची आणि मी वॉर्डात मैत्रिणींना गंमत म्हणून ऐकवायचे.

विमानतळाकडे जाताना आम्ही लोणावळ्याला चहाला थांबलो. यशू शांतपणे म्हणाली, "चिमी कामशेतलाच उतरली. आबाला खेळाया कोन हाय तितं?"

मी सहज विचारलं, "ती दिवसभर करते तरी काय गं?"

"डूटीला जाती. पर दुपारच्याला जेवाया रोज घरी येती."

मी चहा संपवला. नवऱ्याने पैसे दिले आणि आम्ही गाडीत बसलो. ते वाक्य मला किती लागलं, हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

आता यशू नऊ वर्षांची आहे. वडिवळ्याची भाषा तिच्या तोंडातून गेली. रविवारी व्हिडिओ कॉलवर आबा सांगतात, "चिमी जेवून गेली बरं का." यशू हसून स्विमिंगची बॅग उचलते. "आई, शी वॉजंट रिअल," असं मला हळूच सांगते, आबांना मात्र कधी नाही. मग चिमीची चौकशी मीच करते.

परवा न राहवून म्हटलं, "आबा, यशू केव्हाच विसरली. आता कशाला काढता ती भाकरी?"

आबा म्हणाले, "यशूसाठी कुटं काढतूय?"

माझी नाइट ड्युटी सकाळी आठला संपते. तेव्हा वडिवळ्यात जेवणवेळ झालेली असते. घर कुठे, असं कुणी विचारलं तर मी डब्लिनचा पत्ता सांगते. पण ड्युटीवरून निघून बसमध्ये बसले की मनातल्या मनात आबांना म्हणते, थांबा, आलेच.