कॉडसाहेबांच्या गोळ्या

तो वास माझ्याच घशातून वर आला. आधी पोटात एक बुडबुडा फुटला, मग ढेकर आली, आणि ढेकरेपाठोपाठ समुद्र. ओहोटीनंतर उघड्या पडलेल्या होडीचा तळ उन्हात तापला की येतो, तसा वास. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला जमलेल्या पंधरा-वीस बायका, मोगऱ्याचे गजरे, वाळ्याचे पाणी, कैरीची डाळ, वेलदोडा घातलेले पन्हे, आणि या सगळ्याच्या मधोमध तो खारा, तेलकट, निर्लज्ज वास. मी ओठ घट्ट मिटले. पण वास काही ओठांचे ऐकत नाही.

समोरच्या फ्लॅटमधल्या गुजराती बेन माझ्या उजव्या हाताला बसल्या होत्या. त्यांनी पन्ह्याचा पेला खाली ठेवला, नाक आक्रसले आणि मोकळ्या, निष्पाप आवाजात विचारले, "आ शेनी वास आवे छे? माछली जेवी?"

सासूबाई गौरीच्या झोपाळ्याला हलका झोका देत होत्या. त्यांचा हात थांबला. झोपाळा मात्र थोडा वेळ तसाच हलत राहिला.

मी वेंगुर्ल्याची. मराठी घेऊन एम.ए. झालेली, छंदांच्या मात्रा बोटांवर मोजत वाढलेली. लग्न ठरवण्याच्या बैठकीत देण्याघेण्याचा विषय निघालाच नाही. सासरच्यांना त्याचा मोठा अभिमान होता. निघाला तो एकच विषय. "मुलीला मासे सोडावे लागतील." माझ्या वडिलांनी माझ्याकडे न पाहताच उत्तर दिले, "सोडेल की. त्यात काय?" त्यात काय, हे मला विचारले असते तर सांगितले असते. त्यात पहाटेच्या लिलावातले आवाज होते. बांगड्याच्या आमटीत शेवटी टाकलेले तिरफळ होते, जिभेला मुंग्या आणणारे. हात तीनदा धुतला तरी बोटांच्या पेरांत उरणारे दुपारचे जेवण होते, आणि त्या बोटांनी मी पुस्तकाची पाने उलटत असे. पण मला कोणी विचारले नाही, आणि मी नव्वदच्या दशकातल्या बडोद्यात आले. सोसायटीत नुकतीच केबल आली होती, कोपऱ्यावर एसटीडीचे बूथ उघडले होते, दुकानांत परदेशी साबण मिळू लागले होते. जगातले सगळे वास आत यायला मोकळे होते. एक सोडून.

आजेसासरे संस्थानच्या दप्तरात होते. सासरे शिक्षक होते. ते मी येण्याआधीच गेले. घरात उरल्या सासूबाई, त्यांचा एकुलता एक मुलगा आणि सोवळे. नवरा नंदेसरीच्या एका कारखान्यात होता. संध्याकाळी तो घरी आला की त्याच्या शर्टाला गंधकाचा, कुजलेल्या लसणाचा वास येई, दोनदा धुऊनही न जाणारा. सासूबाई तो शर्ट स्वतः बादलीत भिजवत. म्हणत, "कष्टाचा वास आहे हा." लसणाची पाकळी मात्र चातुर्मासात त्या घरात शिरत नसे. वासांनाही प्रतिष्ठा असते, आणि ती नाक ठरवत नाही, हे मी त्या बादलीपाशी शिकले.

श्रावणात मला मुलगी झाली, आणि तिच्या तिसऱ्या महिन्यात माझी भाषा गेली. शब्द होते, त्यांची चव गेली होती. मूल रडले की तो आवाज पाण्याखालून आल्यासारखा ऐकू येई, आणि तो आपल्यासाठी आहे हे कळायला मला वेळ लागे. दूध पाजताना मी भिंतीकडे पाहत असे. भिंतही माझ्याकडे पाहत असे. कोणत्याही कवितेची दुसरी ओळ मला आठवेना.

सासूबाईंचे निदान तयार होते. "आळस आहे, दुसरं काही नाही. आम्हीही बाळंतपणं काढली." मग, मी ऐकते आहे याची खात्री करून, "एम.ए. झालं की बोलायचेही पैसे लागतात वाटतं." संक्रांतीच्या सुमारास त्यांनी निकालही दिला. मी खोलीत होते, दार उघडे होते, आणि ते मुद्दाम उघडे ठेवले होते. "चैत्रात गौर बसेल," त्या मुलाला म्हणाल्या. "अक्षय्य तृतीयेला ती उठली, की हिला वेंगुर्ल्याला पोचव. आणि पोर इथंच राहील. भिंतीकडे बघत बसणाऱ्या बाईच्या हातात मी पोर देणार नाही."

नवरा काही बोलला नाही. न बोलण्याचा तोटा त्या घरात कधीच नव्हता. फक्त माझे न बोलणे तेवढे आजार ठरले होते.

महिनाभर माहेरी आलेल्या देवीचे कोडकौतुक करायचे, आणि ती परत निघाली की त्याच दिवशी घरच्या सुनेला तिच्या लेकीपासून तोडून माहेरी धाडायचे. या योजनेतला उपहास सासूबाईंच्या ध्यानात आला नसावा. माझ्या आला होता. पण बोलायला शब्द नव्हते, म्हणून मी तो गिळला.

मांडवीला साड्या पाहायला जातो असे सांगून नवरा मला रावपुऱ्यातल्या एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. एवढे त्याने केले, ते नोंदवते. बाईंनी पांढऱ्या गोळ्या लिहून दिल्या, आणि मग कागदावरून मान वर करून विचारले, "माहेरी काय खायचात?" मी बांगड्यावर तीन वाक्ये बोलले. तिसऱ्या वाक्यात तिरफळ होते. नवऱ्याने चमकून माझ्याकडे पाहिले. दोन महिन्यांत मी एका दमात तीन वाक्ये बोलले नव्हते.

बाई म्हणाल्या, "हे बघा, माशाच्या तेलात काही स्निग्ध द्रव्यं असतात. ओमेगा-३ म्हणतात. आपल्या मेंदूच्या पेशींच्या आवरणातही ती असतात. ज्यांच्या खाण्यात ती असतात त्यांचं मन जरा सावरतं, असं काहींचं म्हणणं आहे. काहींना फरक पडतो, काहींना शून्य. मी वचन देत नाही. आणि नीट ऐका, पांढऱ्या गोळ्यांऐवजी नाही. त्यांच्या जोडीला."

"मासे आमच्याकडे चालत नाहीत," नवरा म्हणाला.

"मग कॅप्सूल घ्या. तिला काटे नसतात."

औषधाच्या दुकानात मिळालेल्या बाटलीवर निळ्या मासळीचे चित्र होते. त्या संध्याकाळी नवरा खोलीचे दार लावून दाढीच्या ब्लेडने तो मासा खरवडत बसला. डोके गेले, पोट गेले, मग पाते बोथट झाले आणि शेपूट राहिली. खरवडता खरवडता त्याला बालपण आठवले. "मलाही अशाच गोळ्या द्यायची आई. थंडी पडली की रोज सकाळी एक. पिवळी, मोत्यासारखी. माझी छाती भरायची ना. कॉडसाहेबांच्या गोळ्या."

"कोण कॉडसाहेब?"

"कुणी इंग्रज डॉक्टर असणार. संस्थानात पूर्वी पुष्कळ होते तसले. आईच सांगायची. आणि गंमत म्हणजे, गोळी द्यायच्या आधी ती देव्हाऱ्याचा पडदा ओढून घ्यायची. म्हणायची, देवांना थंडी लागते."

रसायनांच्या कारखान्यात नोकरी करणारा, बत्तीस वर्षांचा माणूस. मी त्याच्याकडे पाहत राहिले. हसायला जी शक्ती लागते ती तेव्हा माझ्या अंगात नव्हती, म्हणून मी त्याला काही सांगितले नाही. बाटली मी माझ्या कवितासंग्रहांच्या मागे ठेवली. तिथे त्या घरातले कोणी हात घालत नसे.

फाल्गुन सरता सरता एके दिवशी जेवताना मला कळले, की आमटीत मीठ कमी आहे. केवढी क्षुल्लक गोष्ट! पण कित्येक आठवड्यांत माझ्या जिभेने मला काहीही कळवले नव्हते. मी मोठ्याने म्हटले, "मीठ कमी आहे."

सासूबाईंनी डाव आपटला. "वाचा फुटली, तीही खोड काढायला!"

त्या रात्री मुलगी रडली तेव्हा तो आवाज पाण्याखालून आला नाही. हवेतून आला, सरळ, माझ्याकडे. मी उठले. तिच्या टाळूला दुधाचा आणि कोमट घामाचा वास होता, आणि मला भीती वाटली. इतके दिवस मला कशाचीच भीती वाटली नव्हती. आता तृतीयेची वाटू लागली. मी दिवस मोजू लागले.

हळदीकुंकवाच्या दिवशी गडबडीत मी जेवले नाही. एरवी गोळी मी जेवणाबरोबर घेत असे. त्या दिवशी रिकाम्या पोटी, पन्ह्याच्या घोटाबरोबर घेतली. त्याआधी साडीच्या निऱ्या टाचायला पिन हवी होती. सासूबाईंनी स्वयंपाकघराच्या फडताळाकडे बोट केले. "त्या डबीत बघ." जुनी पत्र्याची चपटी डबी. झाकणावरचा रंग उडाला होता, पण बोट फिरवले तर खवले लागत होते. एक पुरा मासा, डोक्यापासून शेपटीपर्यंत, आणि त्याखाली इंग्रजी अक्षरांत, पुसट पण सुवाच्य, कॉड लिव्हर ऑइल. मी पिन घेतली आणि डबी होती तिथे ठेवली.

आणि मग ती ढेकर.

सासूबाई हसतमुखाने उठल्या, "आले हं," म्हणाल्या, आणि माझे मनगट धरून मला स्वयंपाकघरात नेले. नखे रुतली होती.

"काय खाल्लंस?"

"औषध."

"कुठंय?"

माझी नजर खोलीकडे गेली. त्या खोलीत गेल्या. पुस्तके पडल्याचा आवाज आला. पदराखाली बाटली घेऊन परतल्या आणि ती माझ्या डोळ्यांसमोर धरली.

"ही शेपूट कुणाची?"

"माशाची."

"माझ्या गौरीसमोर!" त्यांचा आवाज चिरका झाला, पण दबलेला, बाहेर पाहुण्या होत्या. "देवी माहेरी आलीय आणि तू तिच्या तोंडावर ढेकरा देतेस? तुझ्या बापानं शब्द दिला होता. तृतीया कशाला, उद्याच नीघ. आणि पोरीला हात लावायचा नाही. बाटलेल्या तोंडानं तिचा पापासुद्धा घ्यायचा नाही."

पापा. तो एक शब्द नसता तर मी कदाचित गप्प राहिले असते. मी फडताळातून ती डबी काढली, पिना ओट्यावर ओतल्या आणि रिकामी डबी त्यांच्या हातातल्या बाटलीशेजारी धरली.

"आणि ही डबी कुणाची?"

"पिनांची."

"त्याआधी?"

"कॉडसाहेबांच्या गोळ्यांची. त्याच्या छातीला..."

"कॉड हा साहेब नाही, आई." माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "कॉड मासा आहे. समुद्रातला, खवल्यांचा, माझ्या बांगड्यासारखाच मासा. हे त्याच्या काळजाचं तेल. तुमच्या मुलानं सगळं लहानपण मासा खाल्ला. रोज सकाळी. तुमच्या हातून!"

अर्ध्या वर्षानंतर माझा आवाज प्रथमच समोरच्या भिंतीपर्यंत पोचला होता; तिच्याही पलीकडे गेला होता. दिवाणखान्यातली कुजबुज थांबली.

मी त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य शोधत होते. मला ते हवे होते, हावरेपणाने हवे होते. त्यांना कोसळताना पाहायचे होते. आश्चर्य नव्हते. त्यांनी डबीकडे पाहिले नाही. त्यांची नजर दाराकडे गेली, आणि दाराकडून कोपऱ्यातल्या देव्हाऱ्याच्या पडद्याकडे.

त्यानंतरचे आधी सांगून टाकते. बाहेर जाऊन सासूबाई बायकांना म्हणाल्या, "सूनबाईंचं डॉक्टरी औषध आहे. त्याला वास यायचाच." बेन म्हणाल्या, "दवामां तो बधुं चाले." औषधात म्हणे सगळे चालते. आणि ओट्या भरल्या गेल्या. तृतीयेला गौर उठली. मी उठले नाही. वेंगुर्ल्याचे नाव पुन्हा निघाले नाही. बाटली पुस्तकांच्या मागून पुढे आली, शेपटीसकट.

आमच्यात प्रेम वगैरे उपजले नाही. पुढची चौदा वर्षे आम्ही एका छपराखाली दोन सैन्यांसारख्या राहिलो. वाटाघाटी मिठावरून होत. मी त्यांना क्षमा केली नाही, त्यांनी ती मागितली नाही. मला कशाने बरे वाटले, हे आजही ठामपणे सांगता येत नाही. पांढऱ्या गोळ्यांनी, तेलाने, की त्या दुपारच्या संतापाने? डॉक्टरीणबाईंना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "श्रेय वाटत बसू नका. गोळ्या घ्या." मुलगी माझ्या हाताखाली वाढली. एवढेच मला हवे होते.

पण त्या दुपारी, माझे ओरडणे भिंतींवरून अजून ओघळत असताना, सासूबाईंनी आधी दार लोटले. मग कडी घातली. मग माझ्या इतक्या जवळ आल्या, की त्यांच्या तोंडातला वेलदोडा मला हुंगता आला. माझ्या हातातली डबी त्यांनी काढून घेतली, ओट्यावरच्या पिना एकेक करून तिच्यात भरल्या, झाकण दाबून लावले, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या,

"हळू."