हातचा एक महिना

पंजा वर करून शेजारचे काका म्हणायचे, "काटा थांबू द्या." पाणी कधी येणार, मीटिंगला येणार का, कशालाच लगेच उत्तर नाही. तीस वर्षं मसाला मार्केटात मापाडी होते. मिरचीचं पोतं काट्यावर ठेवलं की काटा हलायचा थांबेपर्यंत आकडा सांगायचा नाही, ही सवय जुईनगरच्या आमच्या सोसायटीतही सुटली नव्हती. असा एखादा शेजारी तुम्हीही पाहिला असेल.

त्यांचा थोरला भाऊ त्याच मार्केटात. धुळीनं आधी त्याची फुप्फुसं गेली, मग यांची.

एका रविवारी दोन फायली घेऊन दारात उभे. दम खाऊन म्हणाले, "साहेब, तुमी ऑफिसात आलेख काढता ना? आमा दोघा भावांचा काढा."

श्वासाच्या तपासणीचे महिन्यागणिक आकडे होते. मी एक्सेलमध्ये भरले. भावाचं आजारपण चार वर्षं आधीचं, त्यामुळे त्याची रेघ डाव्या टोकाला, यांची उजव्या.

"असं नको. दोघांचा पहिला महिना एका जागी आणा."

तारखा काढून मी खाली महिन्यांचे क्रमांक घातले आणि रेघा सरकवून जुळवल्या. यांची रेघ भावाच्या रेघेला लागूनच उतरत होती. भावाची विसाव्या महिन्यावर संपली होती. तिथं त्यांनी बोट ठेवलं.

"थांबला काटा," म्हणाले.

आजार कुठवर आलाय हे मुलीला सांगितलेलं नव्हतं. तिचं लग्न ठरलं होतं, तारीख राहिली होती. ती त्यांनी स्वतःच्या एकोणिसाव्या महिन्यातली धरली. "एक महिना हातचा ठेवलाय, साहेब."

पत्रिका वाटून झाल्यावर नवा आकडा भरताना मला दिसलं. सरकवताना भावाच्या आकड्यांआधी मी एक रिकामं घर जास्त सोडलं होतं. भाऊ एकोणिसाव्या महिन्यातच गेला होता. हातचा महिना नव्हताच.

मी वाण्याची पावतीही दोनदा तपासतो. हे एकदाही तपासलं नव्हतं.

जाऊन सांगितलं. नाकात ऑक्सिजनची नळी होती. पंजा वर गेला.

"काका, तारीख अलीकडे घ्या."

"आन पोरीला कारण काय सांगू? तुमचा आलेख दाखवू?" हसता हसता खोकला आला. "एवढे हिशेबी तुमी, आन एक घर चुकलात! आमच्यात जास्त मोजलेलं परत द्यायला लागतं."

लग्नाच्या नऊ दिवस आधी ते गेले.

लग्न ठरल्या दिवशीच झालं, विहाराच्या हॉलमध्ये, बँडशिवाय. भेटायला रांग होती. माझी पाळी आली तेव्हा मुलगी हळूच म्हणाली, "काका, तारीख पंधरा दिवस आधीची धरली असती तर बाबा असते ना?"

हातातली फुलं मी तिच्या हातात दिली आणि रांगेबरोबर पुढे सरकलो.