धुतलेलं दार

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तरी सासूबाईंवर मी आयुष्यात एकदाच ओरडले. अमेरिकेतल्या एडिसन गावात, आमच्या घरासमोर, जानेवारीतल्या एका सकाळी.

त्या दिवशी दहा वाजता माझा इंटरव्ह्यू होता. लग्नानंतर पुण्यातल्या दूध तपासणीच्या लॅबमधली नोकरी सोडून मी अमेरिकेत आले, आणि नवऱ्याच्या व्हिसावर मला इथे काम करायची परवानगी नव्हती. नऊ वर्षं मी घरी होते. ‘मग दिवसभर करतेस काय?’ हा प्रश्न हसून झेलायची सवय झाली होती, पण आत कुठेतरी तो दर वेळी टोचायचा. शेवटी वर्क परमिट हातात पडलं. ढीगभर अर्ज केले आणि एका लॅबनं बोलावलं. एकाच.

सासूबाई तेव्हा साताऱ्याहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त आनंद झाला होता. आदल्या दुपारी जरा ऊन पडलं, आणि मी वर बसून उत्तरं घोकत असताना त्या बादलीभर कोमट पाणी आणि फडकं घेऊन खाली गेल्या. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकतात त्या मिठानं आमची जुनी गाडी पांढरीफटक झाली होती.

“शुभकामाला अशा गाडीतून जायचं होय गं?” वर येऊन त्या म्हणाल्या. “तू ज्या दारानं बसणार ना, ते तर मी तीनदा धुतलं. कुंकवानं स्वस्तिकही काढलंय.”

मी कागदातून डोकं वर न काढताच “थँक्यू आई” म्हटलं. नऊ हिवाळे इथे काढलेल्या, केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलेल्या बाईला पाणी आणि थंडी यांचा हिशोब सुचायला हवा होता. सुचला नाही.

सकाळी नऊ वाजता किल्ली कुलपात अर्धीच गेली. रिमोट कधीचाच बंद पडलेला. जोर लावला, फुंकर मारली, काही नाही. दाराच्या फटीत, हँडलखाली, सगळीकडे बर्फ चढला होता. स्वस्तिक मात्र स्पष्ट दिसत होतं. मी किटलीभर गरम पाणी ओतलं. त्यानं क्षणभर वाफ आली आणि पाहता पाहता ते पाणीही गोठलं.

नवरा ट्रेनमध्ये होता. त्याला फोन लावला.

“अगं यार, गरम पाणी नको टाकूस! काच क्रॅक होईल. लॉक डीफ्रॉस्ट करायचा स्प्रे आहे ना आपल्याकडे, तो यूज कर.”

“कुठे आहे?”

“गाडीत.”

कॅब बुक करायला गेले, तर चाळीस मिनिटं दाखवत होती. तेवढ्यात सासूबाई दह्या-साखरेची वाटी घेऊन बाहेर आल्या. घरातल्या चपला, मोजे, वर माझा जुना कोट. माझा तोल सुटला.

“तुम्हाला कुणी सांगितलं होतं गाडी धुवायला? नऊ वर्षांनी एक संधी आली होती आई, एक! ती पण घालवलीत!”

त्या वाटी धरून तशाच उभ्या राहिल्या. शेजारच्या घराचा पडदा हलला. मला लाजही वाटेना, इतकी मी चिडले होते.

मग त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “अगं, पलीकडची बाजू मी धुतलीच नाहीये. पाणी संपलं, आणि गुडघेही दुखायला लागले. कालच सांगणार होते, पण म्हटलं, अर्धीच धुतली म्हणून हसशील.”

मी धावत पलीकडे गेले. मिठानं माखलेल्या त्या दारात किल्ली सरळ फिरली. इंटरव्ह्यूच्या कपड्यांनिशी गिअरवरून कशीबशी सरपटत मी स्टिअरिंगमागे पोचले आणि गाडी सुरू केली. सुटलेच एकदाची.

बाहेर माझ्या खिडकीपाशी सासूबाई वाटी उंच धरून उभ्या होत्या. काचही गोठलेली, खाली जाईना. त्यांचे ओठ हलत होते, मला ऐकू येत नव्हतं. मी हातानं खूण केली. त्या सावकाश वळसा घालून आल्या, दार उघडून सीटवर गुडघा टेकला आणि माझ्या तळहातावर दही घातलं.

तेव्हा मला त्यांची बोटं दिसली. लाल, सुजलेली, पेरांवर भेगा. काल त्या थंडीत त्यांनी हातमोजे घातले नव्हते. ते माझे होते म्हणून, भिजतील म्हणून.

“माझ्यामुळे तुझी नोकरी नाही ना जाणार?” त्यांनी विचारलं.

नोकरी मला मिळाली, पण ते पुढच्या आठवड्यात कळलं. त्या क्षणी घड्याळात साडेनऊ झाले होते आणि लॅब अर्ध्या तासावर होती. मी दही चाटून खाल्लं, “आई, चुकलं माझं” म्हटलं, त्यांना ओढून शेजारी बसवलं आणि हीटर पूर्ण सोडून त्यांचे दोन्ही हात त्याच्यासमोर धरले. बोटं नीट वळायला लागेपर्यंत मी गाडी हलवली नाही.