वटवाघळांचा उष्टा पेरू

आमच्या बरकतपुऱ्यातल्या अंगणात पेरूचं झाड आहे. पेरू पिकले की संध्याकाळी वटवाघळं येतात. सकाळी खाली अर्धवट खाल्लेले पेरू पडलेले असत. त्यातलाच एखादा उचलून, उष्टी बाजू चाकूनं कापून, माझे यजमान मजेत खायचे. वर मला ऐकवायचे, "वटवाघळाला फळातलं जास्त कळतं. तू आणतेस ते मंडईतले पेरू म्हणजे नुसता कापूस!"

मग लेकीला एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी विषय मिळाला: वटवाघळांच्या विष्ठेतले जीवाणू. एका रविवारी ती मास्क, हातमोजे घालून आली आणि झाडाखाली प्लास्टिक अंथरू लागली. यजमानांच्या तोंडात तेव्हा पेरूची फोड होती.

"बाबा, थुंका आधी!"

बँकेत आयुष्यभर कुणाचं न ऐकलेला माणूस क्षणात थुंकला.

त्यानंतर आठवडाभर त्यांच्या पोटात काही ना काही होत होतं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "कुछ नहीं है साब, पेट अच्छा है." यांना ते आवडलं नाही. झाडावरून अंगावर काही पडेल म्हणून कोरड्या उन्हात रेनकोट चढवून अंगणातून स्कूटर काढू लागले. मी हसले की म्हणायचे, "हस, हस. जीवाणूंना विनोद कळत नाही."

महिन्याभरानं लेक निकाल घेऊन आली. काही जीवाणू माणसाला त्रास देऊ शकतील असे निघाले होते. त्यातले काही तर नेहमीच्या औषधांनाही दाद देत नव्हते.

"बघ! मी म्हणत नव्हतो?" यजमान जवळजवळ आनंदानं म्हणाले.

"पण बाबा, वटवाघळं कुठे अँटिबायोटिक घेतात? आपली औषधं गटारात जातात, तिथून पाण्यात. हे कदाचित आपणच त्यांना दिलं असेल. नक्की नाही सांगता येत."

आपल्यामुळे कुणी आजारी पडू शकतं, हा विचार यजमानांना नवीन होता.

त्याच संध्याकाळी शेजारी तावातावानं आले. त्यांच्या गाडीवर वटवाघळांची घाण पडली होती. "साब, झाड कटवा दो, बीमारी फैलती!"

मला वाटलं, हे लगेच कुऱ्हाड शोधतील. पण यांनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. "झाड कायको काटना? गाडीपे कपडा डालो, हाथ धोओ," ते गंभीरपणे म्हणाले, "और उनोंको हमारेसे बचाओ."

शेजारी चहा न पिताच उठले. लेक मात्र बराच वेळ बापाकडे कौतुकानं पाहत होती.