दोर सैल सोडणारे उस्ताद

आमच्या इंजिनिअर रेजिमेंटच्या डायव्हिंग टीमला फ्लड ड्यूटीचा हुकूम आला. ठिकाण सेनगाव. माझाच तालुका! वाटभर मी ट्रकमध्ये छाती फुगवून सांगत होतो, कयाधू म्हणजे आपल्या घरची नदी. खरं तर मी पोहायला शिकलो विहिरीत, पाठीला डबा बांधून. नदीत फक्त बैल धुतले होते.

उस्ताद, म्हणजे आमचे हवालदार, कोकणातले. उतरण्याआधी सिलिंडर, मास्क, चाकू, कमरेचा दोर, सगळं हातानं तपासायचे. दोराला एक झटका म्हणजे ‘ठीक आहेस का?’ उलट एक झटका, ‘ठीक.’

“तळाला चिकटून राहा. दगड धरून सरक. पाण्याशी भांडू नको.”

पुलावरून जीप वाहून गेली होती. ड्रायव्हर आतच. त्याचा भाऊ काठावर हात जोडून उभा होता. “तेवढा वर आणून द्या दादा. मायला तोंड बघू द्या.”

मी उतरलो, दोर उस्तादांच्या हातात. मास्कसमोर गढूळ पाणी, नुसता चहा. खाली दगड एकमेकांवर गडगडत होते, तो आवाज छातीत वाजायचा. एवढी ताकद मी आयुष्यात अनुभवली नव्हती. तेवढ्यात पुलाचा खांब हाताला लागला. विहिरीत दमलं की भिंत धरायची, ही जुनी खोड. तळाचा दगड सोडून मी खांबाला मिठी मारली. खांब शेवाळलेला. धारेनं मला उचललं, दोर ताणला गेला, आणि त्याच ताणानं मला पाण्याखाली दाबून धरलं. श्वासाचा रेग्युलेटर तोंडातून निसटला.

वर काय चाललं होतं, ते नंतर कळलं. अख्खा काठ ओरडत होता, “ओढा! काहून बघून राहिले? पोरगं मरून राहिलं!” दोघांनी दोराला हातही घातला.

“हात काढा,” उस्ताद म्हणाले. आणि त्यांनी दोर सैल सोडला.

ताण सुटताच मी वर आलो. मग त्यांनी दोर नुसता धरून ठेवला. नदीनंच मला झोका देत काठाच्या चिखलात आणून टाकलं, पालथं.

“घरची नदी ना रे?”

एवढंच बोलून ते स्वतः उतरले. दोर टीममधल्या दुसऱ्यानं धरला. झटका, उत्तर. झटका, उत्तर. ड्रायव्हरला घेऊनच ते वर आले. मायनं तोंड बघितलं.

पुढच्या पावसाळ्यात, दुसऱ्या नदीत उस्ताद खाली होते, दोर माझ्या हातात. वाहत आलेलं झाड त्यांच्यावर आदळलं. दोर ताणला गेला. मी सैल सोडला, त्यांच्यासारखाच. मग झटका दिला. उत्तर आलं नाही.

आता रिटायर होऊन गावी असतो. गोठ्यात बैलाचं दावं बांधलं, की हात आपोआप एक झटका देतो. बायको हसते, “आता काय बैलाची खुशाली विचारून राहिले?”

मीही हसतो. पण बैल मान हलवेपर्यंत तिथून निघत नाही.