कुडाच्या घरातलं पुस्तक

भांडीमावशीकडून कुणाला कधी काही फुकट मिळालं नाही, आणि पुस्तक तिनं कधी पैशाला विकलं नाही. जव्हारच्या बाजारात तिच्यापुढे जुन्या कपड्यांचा ढीग असायचा. परकर, शर्ट, शाळेच्या चड्ड्या, सगळ्याला भाव होता. ढिगाच्या कडेला मात्र दोन-चार पुस्तकं मांडलेली असत आणि कुणी त्यांची किंमत विचारली की ती हात आडवा धरायची. "पुस्तकाला पुस्तक. आणलंय का? नाय? मग हात धुऊन ये, हितं बसून बघ." हात धुवायचे, कारण लोक सुक्या मासळीच्या रांगेतून तिच्याकडे यायचे. भल्याभल्यांना तिनं हात धुवायला पाठवलेलं मी पाहिलं आहे.

धंदा तिचा बोहारणीचा. नाशिकच्या कॉलन्यांमध्ये स्टीलची पातेली आणि डबे देऊन जुने कपडे घ्यायचे, घरी आणून धुवायचे, बटणं लावायची, उसवलेलं शिवायचं आणि जव्हार-मोखाड्याच्या बाजारांत विकायचं. शेत तिला सासरी नव्हतं आणि माहेरीही नव्हतं. "आमचा सातबारा डोक्यावर," असं म्हणून ती टोपलीवर थाप मारायची. शहरातल्या बायका पोरांची खोली आवरायला लागल्या की कपड्यांबरोबर गोष्टींची पुस्तकंही तिच्या बोचक्यात ढकलून द्यायच्या. बाकीच्या बोहारणी ती रद्दीत घालत. मावशीला अक्षर येत नव्हतं, पण रद्दीत घालायला तिचा हात धजायचा नाही. कारण विचारलं तर सांगायची, "कापड फाटलं तर मी ठिगळ लावते. याचं पान गेलं तर काय लावू?"

माझा नि तिचा व्यवहार सातवीत सुरू झाला. आमचं घर गावाबाहेर, कारवीच्या कुडाचं, वर शेणामातीचा लेप. आई-बाबा दोघंही मजुरीला जायचे. घरात पुस्तक म्हणजे शाळेचं, आणि तेही सरकारी. मी सहावीचं मराठीचं पुस्तक घेऊन गेले आणि हे चालेल का म्हणून विचारलं. मावशीनं ते उलटंपालटं करून बघितलं, पानं मोजल्यासारखी अंगठ्यानं फर्रकन सोडली आणि म्हणाली, चालेल, वावर गावच्या एका पोराला लागतंच आहे. मग ढिगाखालून एक जाडजूड निळं पुस्तक काढून माझ्या हातावर ठेवलं.

ती एका कादंबरीच्या चार भागांतला पहिला भाग होता. लोकांच्या तुटलेल्या सावल्या शिवून देणाऱ्या एका मुलीची ती गोष्ट. धुक्यातलं राज्य, मिठाचे मनोरे, सावल्या चोरणारा एक सरदार. आता सांगताना हसू येतं, पण तेव्हा आठवडाभर मी स्वतःच्या सावलीवर पाय पडू नये म्हणून अंगणातून तिरकी चालत होते आणि आई मला खुळी म्हणत होती. चारही भाग मावशीला एकाच घरातून मिळाले होते, पण तिनं ते एकदम द्यायचं नावच काढलं नाही. निळं परत केलं तेव्हा लाल मिळालं, लाल दिल्यावर हिरवं. काळं शेवटचं.

माझं वाचून झालं की ते पुस्तक डोंगरावरच्या वांगणी पाड्यातल्या एका मुलीकडे जायचं. मी तिला कधी पाहिलेलं नव्हतं, पण तिचं पुराण बाजाराच्या दर दिवशी ऐकावं लागायचं. ती माझ्याच वयाची, तिचंही घर कुडाचं. दिवाळीनंतर घरातले वीटभट्टीवर गेले की तीही जायची आणि पुस्तक बरोबर न्यायची. तिच्या हातून आलेल्या प्रत्येक पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर असे. कव्हरच्या घड्यांमध्ये विटांची लाल धूळ असे, पण पानाचा कोपरा दुमडलेला कधी सापडायचा नाही. मावशी ते कव्हर माझ्यापुढे मुद्दाम नाचवायची. "वांगणीवाली वाट बघते, लवकर वाच. तिचं बघ, नि तुझं बघ." माझ्या पुस्तकांवर कालवणाचे डाग असायचे. त्या न पाहिलेल्या मुलीचा मला मनापासून राग यायचा.

काळं पुस्तक मी दोन दिवसांत संपवलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. शेवटी ती मुलगी स्वतःची सावली उसवून दुसऱ्या कुणाला तरी देते, तिथं मी दोन्ही वेळा रडले. बाजाराचा दिवस आला तेव्हा ते उचलून पिशवीत घालायला माझा हात होईना. आयुष्यात माझं म्हणावं असं एकही पुस्तक नव्हतं. जूनमध्ये मी शिकायला नाशिकच्या वसतिगृहात जाणार होते. म्हटलं, हे एवढं आपलं असू दे. वांगणीवालीला मिळेल दुसरं काहीतरी.

पुस्तक मी नागलीच्या कणगीत खोल खुपसलं. नुसतं हरवलं म्हणून भागलं नसतं, मावशीनं घरी येऊन शोधलं असतं. म्हणून मागच्या भिंतीवरची वाळवीची माती खरवडून काढली, त्यात वर्तमानपत्राचे कुरतडल्यासारखे तुकडे आणि काळ्या कागदाची एक चिंधी मिसळली, आणि ते सगळं फडक्यात बांधून बाजारात नेलं. तेरा वर्षांच्या मुलीला एवढी अक्कल कुठून येते, हे मला अजून कळलेलं नाही. चांगल्या कामाला तेवढी माझ्यापाशी कधीच नव्हती.

मावशीनं फडकं सोडलं, माती चिमटीत घेतली आणि चुरली. मला वाटलं, आता पकडली. ती रागावली नाहीच. "कुडाची भिंत, वाळवी येणारच. तुझा काय दोष नाय, बाय. अक्कल माझीच कमी." फडकं झटकून, घडी घालून तिनं मला परत दिलं. पुढे म्हणाली, वांगणीवालीला आता काय सांगू, तिला कबूल केलं होतं. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं असेल, पोरीला किती वाईट वाटतंय.

पुढे वसतिगृह, कॉलेज, मग नाशिकच्याच एका शाळेत शिक्षिकेची नोकरी. बाजार सुटला, मावशी सुटली, पुस्तक नाही सुटलं. दर मे महिन्यात मी ते चारही भाग वाचायचे. पहिले तीन मी जुन्या पुस्तकांत शोधून काढले. लाल फूटपाथवर मिळालं, निळं रद्दीच्या दुकानात वह्यांच्या गठ्ठ्याखाली, आणि हिरव्यासाठी मला तीन वर्षं लागली. नवरा चेष्टा करतो की एवढ्या खटपटीत बाई पीएचडी झाली असती. खरं सांगायचं तर तिसरा भाग रटाळ आहे, आणि सरदाराची भाषणं पुढे पुढे मला वाचवत नसत. तरी वाचायचे. काळ्याला शोधावं लागलं नाही. ते उघडलं की पहिली पाच मिनिटं माझं वाचनात लक्ष नसायचं. लाज वाटायची, मग गोष्ट पकड घ्यायची नि लाज मागे पडायची. इतकी वर्षं मी ती तशीच पुरवून वापरली.

दोन वर्षांपूर्वी भाचीच्या लग्नासाठी जव्हारला गेले होते. बाजार होता म्हणून चक्कर मारली, तर मावशी तिथंच. टोपली गेली होती, प्लास्टिकच्या कागदावर कपडे मांडलेले, डोळ्यांवर जाड चष्मा. मला ओळखलं, बाजूला बसवलं, मास्तरीण झाली म्हणून शेजारच्या मिरचीवालीला सांगून झालं. तेवढ्यात मोखाड्याकडची एक बाई आली. कडेला ठेवलेलं चित्रांचं पुस्तक तिला लेकीसाठी हवं होतं, आणि बदल्यात द्यायला तिनं एक पुस्तक आणलंही होतं. मावशीनं तिला विचारलं, घर कसलं, विटांचं का कुडाचं? बाई कुडाचं म्हणाली. मावशीनं चित्रांचं पुस्तक उचलून मांडीखाली घेतलं. "कुडाच्या घरात पुस्तक टिकत नाय, बाय. कपडे बघ."

बाई आपलं पुस्तक घेऊन निघून गेली. हे कधीपासून, म्हणून मी विचारलं. मावशी अगदी सहज म्हणाली, "तुझ्याच घरापासनं शिकले ना. पुस्तक मातीत जाण्यापेक्षा नाय दिलेलं बरं." आणि वांगणीची मुलगी? तिलाही त्यानंतर दिलं नाही. तिचंही कुडाचंच घर. दोन-तीन वर्षं ती बाजारात येऊन विचारायची, काळं आलं का. मग यायची बंद झाली.

म्हणजे मी नुसतं एक पुस्तक चोरलं नव्हतं. त्या डोंगरावरच्या सगळ्या कुडाच्या घरांवर मी खोटा आळ घातला होता, आणि मावशीनं ते खोटं इतकी वर्षं इमानानं सांभाळलं होतं. मी स्वतः कुडाच्या घरातली. माझ्या चौथ्या भागाला कणगीत साधी कसरसुद्धा लागली नव्हती.

त्या दिवशी तोंड उघडलं नाही. महिन्याभरानं मात्र काळं पुस्तक घेऊन मावशीच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं. ती एका शर्टाला काजं करत होती. हातातली सुई तिनं थांबवली.

"माती खरी होती का?"

"हो. मागच्या भिंतीची."

"म्हंजे खोटं बोलायला पण मेहनत घेतलीस," ती म्हणाली. हातातला शर्ट बाजूला ठेवला. पुस्तक मी पुढे केलं, तिनं घेतलं नाही. "मला कशाला देतेस? मी काय वाचते? वांगणीला चल माझ्याबरोबर. जिचं हाय तिला दे, नि तोंडानं सांग. मग बाकीच्या पाड्यांना मी सांगेन."

मी हो म्हटलं. पुढचा शनिवार ठरला. पुस्तक तिच्याकडे ठेवलं. शुक्रवारी मी तिच्या लेकीच्या मोबाइलवर फोन करून सांगितलं की शाळेत तपासणी आहे, जमणार नाही, पुढच्या आठवड्यात बघू. तपासणी खरीच होती. सकाळी अकराला संपली. त्यानंतर मी घरी येऊन पोहे केले, खाल्ले आणि पेपर वाचला. पुढच्या आठवड्यात पाहुणे होते. त्याच्या पुढच्या आठवड्याचं कारण मला आठवतसुद्धा नाही. मग मावशीनं फोन घेणं सोडलं, असं मी मनाशी धरलं. खरं तर मीच करायची थांबले होते.

पावसाळ्यानंतर मावशी गेली. दहाव्याला जव्हारला तिच्या लेकीकडे गेले तर ओटीवर एक बाई रडत होती. बाजूला पिशवी, पिशवीत वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं जाड पुस्तक. कव्हर बघितलं आणि मला कळलं ही कोण. सविता तिचं नाव. मावशीच्या लेकीला ती सांगत होती ते मी खांबाला टेकून ऐकलं.

मावशी एकटीच वांगणीला गेली होती, भर उन्हाळ्यात. जीपनं जाता येतं तिथपर्यंत जीपनं, पुढे पायी. सविताच्या अंगणात उभी राहून म्हणाली की वाळवी नव्हतीच, पुस्तक माझ्याच बोचक्यात तळाशी राहिलं होतं, मला म्हातारीला दिसलं नाही, आणि मी उगाच तुमच्या घरांना नाव ठेवलं. काळं पुस्तक तिच्या हातात देऊन स्वतःचे कान धरले. मग पाड्यावरच्या घराघरांतून तेच सांगत फिरली.

"मी तिच्यावर लई चिडले," सविता सांगत होती. "म्हटलं, एवढी वर्षं आम्हाला वाळवीचे लोक केलं, नि आता सांगती दिसलं नाय? तिला बस म्हटलं नाय. पाणी पण मागितल्यावर दिलं. ती खालमानेनं निघून गेली. परत भेटलीच नाय."

मावशीच्या लेकीला कुणीतरी आत हाक मारली. सवितानं डोळे पुसले, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही मावशीच्या कोण?"

या वेळी मी सांगितलं. कणगी, माती, फडकं, तपासणी, पोहे, सगळं. मध्ये थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं, म्हणून थांबले नाही. तिनं मला अडवलं नाही. शेवटी एवढंच विचारलं की मावशी अंगणात आली तेव्हा तिला हे माहीत होतं का. मी हो म्हणाले.

मला वाटलं होतं ती शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या. ती पुस्तकाच्या कव्हरवरून हात फिरवत बसली.

"बाई, तुम्ही हे आज कशाला सांगितलंत?" ती म्हणाली. "सकाळपर्यंत मी चुकलेल्या म्हातारीवर रागावले होते. आता ती चुकलेलीच नव्हती. मग मी माफी कुणाकडं मागू?"

ती माफी तिनं मागायचीच नव्हती. ती मी मागायची होती, मावशी शेजारी उभी असताना, वांगणीच्या त्या अंगणात. शनिवार मोकळा होता, जीप होती, आणि मी गेले नाही.